निळी ठिणगी

शाळेत सरांनी एबोनाइटची कांडी लोकरीवर घासली की कागदाचे कपटे उडून तिला चिकटायचे. आम्हा वरोरच्या पोरांची एबोनाइटशी ओळख एवढीच. पुढे त्याच काळ्या वस्तूने माझं घर चालवलं.

घरचा धंदा दागिन्यांच्या डायचा. बाबा डोळ्याला भिंग लावून पोलादावर नक्षी कोरत बसायचे. माझा हात त्यात बसला नाही. चिंचणीमार्गे बोईसर गाठलं आणि तारापूर एमआयडीसीत रबर लायनिंगच्या कामाला लागलो.

हायड्रोक्लोरिक ॲसिड लोखंडाला खातं, स्टेनलेस स्टीललाही सोडत नाही. म्हणून टाकीला आतून रबराचं अस्तर द्यायचं. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला 1839 साली कळलं की गंधक मिसळून तापवलं तर रबर टिकाऊ होतं. त्याचा भाऊ नेल्सन याने 1851 मध्ये कडक रबराचं, म्हणजेच एबोनाइटचं, पेटंट घेतलं, आणि त्याच वर्षी लंडनच्या महाप्रदर्शनात चार्ल्सने कडक रबराच्या वस्तूंचं दालनच मांडलं. टायरच्या रबरात 100 भागांना दोन-तीन भाग गंधक असतं, एबोनाइटमध्ये 30-40. आबनुसासारखं काळं आणि टणक, म्हणून हे नाव. त्याचे कंगवे झाले, पेनं झाली, कवळीच्या पट्ट्या झाल्या, मोटारीच्या बॅटरीचे खोके झाले. मग बेकेलाइट आलं, प्लास्टिक आलं, आणि दिसणाऱ्या वस्तूंतून एबोनाइट जवळजवळ गेलं. आजोबांचं शाईपेन मात्र आमच्याकडे होतं. खिडकीतल्या उन्हाने ते हिरवट-तपकिरी पडलं होतं. टाकीच्या आत ऊन पोचत नाही, आणि एबोनाइट तिथेच टिकलं.

टाकीत उतरायचं ते शॉट ब्लास्टिंग झाल्यावर, लोखंड पांढरट चमकत असताना. दमट हवेत ते लगेच गंजू लागतं आणि आमची किनारपट्टी तर कायम दमट, त्यामुळे पावसाळ्यात नुसती घाई. चिकटवायच्या सोल्युशनचे हात द्यायचे, ते बोटाला चिकटेल एवढं सुकू द्यायचं. वास डोक्यात चढतो, पंखा बंद पडला तर बाहेर यावंच लागतं. मग कच्ची शीट लावायची. ती या वेळी कणकेसारखी मऊ असते. मधून कडेकडे रोलर दाबत न्यायचा, खाली हवा राहू द्यायची नाही. सांध्याच्या कडा तिरप्या कापून एकीवर एक बसवायच्या. सगळं कौशल्य या सांध्यात आहे. ॲसिड आत शिरायला नखाएवढी फट पुरते. नंतर अख्खी टाकी ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर 140-150 अंशांना काही तास शिजवायची. बाहेर येते तेव्हा ती मऊ शीट नखाला दाद देत नाही.

एकदा लायनिंगच्या उरलेल्या तुकड्यांची जाड गुंडाळी करून मी टाकीबरोबर शिजवायला ठेवली. बाबांच्या छिन्नीला मूठ करायची होती. बाहेरून झकास, कापली तर आतून जाळीदार. रबर आणि गंधकाचा संयोग होताना स्वतःचीच उष्णता निघते, आणि जाड गोळ्यात ती कोंडते. पातळ थर का वाढवत जायचे, ते त्या दिवशी पक्कं कळलं.

शेवटी स्पार्क टेस्ट. हजारो व्होल्टचा ब्रश अस्तरावरून फिरतो. एबोनाइट वीज अडवतं. शाळेतल्या कांडीवरचा प्रभार म्हणूनच तिच्यावर टिकून राहायचा. कुठे सुईच्या टोकाएवढं भोक असेल तर मात्र वीज तिथून लोखंडाकडे झेपावते आणि निळी ठिणगी उडते. तिथे खडूने गोल करायचा आणि पुन्हा काम.

एका कारखान्यात आमची टाकी महिन्याभरात गळली. सगळी बोटं आमच्याकडे. आत उतरून पाहिलं, अस्तर करपून पापुद्रे सुटलेले. बाहेरून कुणीतरी शिडीची क्लिप वेल्ड केली होती. टाकीवर लाल अक्षरात ‘वेल्डिंग करू नये’ लिहिलेलं होतं, क्लिप बरोब्बर त्या अक्षरांवर होती. अख्खं अस्तर तासून काढलं आणि आठ दिवसांत नवं दिलं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. भिंग कपाळावर सारून त्यांनी विचारलं, "नव्याला ठिणगी किती?"

"एकही नाही."

ते पुन्हा डायवर वाकले.