‘बोलत नाही’ ते ‘बोलता येत नाही’: एका निदानाची ११७ वर्षे

१/ घरी अखंड बडबड करणारे मूल शाळेच्या दारात पाऊल ठेवताच गप्प होते. महिनोन्महिने एक शब्दही नाही. कान, जीभ, बुद्धी सारे ठीक. या अवस्थेला आज ‘सिलेक्टिव्ह म्युटिझम’ म्हणतात. मात्र या नावापर्यंत पोहोचायला वैद्यकाला शतकाहून अधिक काळ लागला आणि चुकीच्या नावांची किंमत मुलांनी व त्यांच्या आयांनी मोजली. 🧵

२/ आरंभ १८७७ चा. मधुमेहातील ‘कुसमाउल श्वसन’ ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या जर्मन वैद्य अडॉल्फ कुसमाउल यांनी वाचादोषांवरील ग्रंथात बोलण्याची क्षमता असूनही न बोलणाऱ्यांची नोंद केली. त्यांनी नाव दिले ‘अफेजिया व्हॉलंटेरिया’, अर्थात स्वेच्छेने पत्करलेली वाचाहीनता.

३/ १९३४ मध्ये स्विस बालमनोविकारतज्ज्ञ मोरिट्झ ट्रामर यांनी ‘इलेक्टिव्ह म्युटिझम’ ही संज्ञा रूढ केली. मूल मोजक्या जवळच्या माणसांशीच बोलते, हे त्यांचे निरीक्षण अचूक होते. परंतु ‘इलेक्टिव्ह’ म्हणजे ऐच्छिक. इच्छेचे गृहीतक तसेच राहिले.

४/ मराठीत हा भेद सहज कळतो. मौन ‘धरले’ जाते. त्यात संकल्प असतो. वाचा मात्र ‘बसते’; तिथे माणसाचे काही चालत नाही. कुसमाउल आणि ट्रामर यांच्या संज्ञांनी वाचा बसलेल्या मुलांना मौनव्रती ठरवले.

५/ याचे परिणाम गंभीर होते. न बोलणे ऐच्छिक ठरले की तो हट्ट ठरतो, आणि हट्टावर उपाय म्हणजे शिस्त. दुसरीकडे संशयाची सुई आईकडे वळे. टोरी हेडन यांच्या १९८० च्या वर्गीकरणात बोलण्याच्या भीतीचा एक प्रकार होताच. पण एक प्रकार पालकाशी असलेल्या अतिनिकट नात्यावर, तर दुसरा छुप्या आक्रमकतेवर बेतलेला होता.

६/ त्याच वर्षी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या ‘डीएसएम’ या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत हा विकार आला. व्याख्येतला कळीचा शब्द होता ‘नकार’. मदत मागायला आलेल्या पालकांच्या हाती पडे ते मुलाच्या अडेलपणाचे प्रमाणपत्र.

७/ १९९२ हे वळणाचे वर्ष. ब्लॅक आणि उहडे या संशोधकांनी हा सामाजिक भयगंडाचाच एक प्रकार असावा, अशी मांडणी केली. त्याच वर्षी इंग्लंडमधील लेस्टर येथे समाजसेविका अ‍ॅलिस स्लकिन यांनी अशाच एका मुलीच्या आईसोबत ‘स्मायरा’ ही संस्था स्थापन केली. ज्या आयांकडे कारण म्हणून पाहिले गेले, त्यांच्यापैकी एक आता उपाय शोधणाऱ्यांत होती.

८/ १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत ‘इलेक्टिव्ह’चे ‘सिलेक्टिव्ह’ झाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे व्याख्येतला ‘नकार’ जाऊन तिथे ‘बोलू न शकणे’ या अर्थाचा शब्द आला. २०१३ मध्ये पाचव्या आवृत्तीने हा विकार चिंताविकारांत समाविष्ट केला. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-११’ नेही तेच केले.

९/ नावासोबत उपचारही पालटले. सक्ती, आमिष, चारचौघांत ‘बोल ना’चा आग्रह हे सारे वर्ज्य. रिकाम्या वर्गात मूल आधी आईशी बोलते. शिक्षिका दाराबाहेर, मग दारात, मग खोलीत, मग खेळात. प्रत्येक पायरी मुलाच्या गतीने. आईची तीच जवळीक इथे उपचाराचे साधन ठरते.

१०/ निदानासाठी दोन अटी आहेत. अवस्था किमान महिनाभर टिकावी, आणि शाळेचा पहिला महिना त्यात धरू नये. शिवाय शाळेची भाषाच अपरिचित असल्यामुळे गप्प राहणारे मूल या व्याख्येत बसत नाही. घरी मराठी आणि वर्गात इंग्रजी ऐकणाऱ्या मुलांसाठी ही अट विशेष मोलाची. दोन्ही भाषांत, अनेक महिने, घराबाहेर वाचा बसलेलीच राहिली, तर ‘मोठेपणी बोलेल आपोआप’ म्हणत थांबू नये. बालमानसतज्ज्ञ किंवा वाचा-उपचारतज्ज्ञ गाठावा.

#इतिहास #वैद्यकाचा_इतिहास