मार्क्ड गुड : वीस तारखेच्या एका वचनाची गोष्ट

मंडळी, या शनिवारचा विषय थोडा कोरडा वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. खून नाही, लढाई नाही. एक चेक आहे, त्यावर तीन-चार इंग्रजी शब्द आहेत आणि त्यापायी दोन बँका थेट लंडनपर्यंत भांडल्या आहेत.

झालं असं की गेल्या महिन्यात कोथरूडमध्ये नवीन फ्लॅट भाड्याने घेतला. घरमालक काका जुन्या वळणाचे. यूपीआय वगैरे ठीक आहे म्हणाले, पण पुढच्या तारखांचे सहा चेक हवेतच. आमच्या पिढीला चेकबुक म्हणजे लोन घेताना एकदा लागणारी वस्तू. ते शोधून काढलं, चेक लिहिले. तर काका म्हणतात, "यावर बँकेकडून 'गुड फॉर पेमेंट' असं लिहून आणशील का? आमच्या वेळी आणायचे."

आता काकांना नाही कसं म्हणणार? गेलो बँकेत. तिथले मॅनेजर निवृत्तीला आलेले. चेककडे बघितलं, तारखेकडे बघितलं आणि हसले. म्हणाले, "अहो, पुढच्या तारखेच्या चेकवर असं कोणी लिहून देतं का? एकाने दिलं होतं कलकत्त्याला. अजून लॉ कॉलेजात शिकवतात त्याची केस!"

झालं, माझा वीकेंड गेला त्यात. :)

आधी थोडी पार्श्वभूमी. मी तुम्हाला चेक दिला म्हणजे तुम्हाला पैसे दिले असं होत नाही. मी माझ्या बँकेला फक्त "यांना पैसे द्या" असा हुकूम दिलेला असतो. खात्यात पैसे असले तर बँक तो हुकूम पाळणार, नसले तर चेक परत. तुमचा आणि माझ्या बँकेचा थेट काहीच करार नसतो. ही फट बुजवायला सर्टिफाइड चेक आला. बँक चेकवर सही-शिक्का मारते आणि तेवढी रक्कम खातेदाराच्या खात्यातून वेगळी काढून ठेवते. मग ते पैसे खातेदाराला दुसरीकडे उडवता येत नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर रो लॉक केली. आयपीओला अर्ज करताना 'अस्बा'मध्ये रक्कम ब्लॉक होते ना, साधारण तसंच.

ही पद्धत सगळ्यात जास्त फोफावली अमेरिकेत. आणि तंटेही तिथेच आधी झाले. फेब्रुवारी १८६७ मध्ये बॉस्टनच्या एका दलाली पेढीने मर्चंट्स बँकेकडून सोनं घेतलं. बदल्यात दिलेल्या चेकवर स्टेट बँकेच्या कॅशिअरची 'गुड' म्हणून सही होती. (ही बॉस्टनची स्टेट बँक, आपली नव्हे!) पेढीच्या खात्यात तेवढे पैसे नव्हतेच. स्टेट बँक म्हणाली, कॅशिअरला असली सही करायचा अधिकार आम्ही दिलाच नव्हता. १८७० च्या सत्रात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव मान्य केला नाही. तुम्ही माणसाला कॅशिअर म्हणून खुर्चीत बसवलंत, बाहेरचा माणूस त्या खुर्चीवर विश्वास ठेवणारच. आतले नियम त्याला कसे कळणार? खालच्या कोर्टात स्टेट बँकेच्या बाजूने लागलेला निकाल फिरवून खटला पुन्हा चालवायला सांगितला गेला.

दरम्यान, खात्यात पैसे नसताना चेक सर्टिफाय करण्याचा सुळसुळाट इतका झाला होता, की ३ मार्च १८६९ ला अमेरिकन काँग्रेसने नॅशनल बँकांना त्याची कायद्याने बंदी केली. गंमत बघा, त्याच सप्टेंबरमध्ये जे गूल्ड आणि जिम फिस्क या जोडीने न्यूयॉर्कचा सोनेबाजार काबीज करायचा डाव टाकला तो टेन्थ नॅशनल बँकेच्या असल्याच सर्टिफाइड चेकांच्या जोरावर. २४ सप्टेंबर १८६९ चा तो ब्लॅक फ्रायडे. कायदा होऊन सात महिनेही झाले नव्हते.

असो. आता आपल्या गोष्टीकडे.

साल १९३९, गाव कलकत्ता. दोन पात्रं. पहिली बँक ऑफ बडोदा, म्हणजे सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९०८ मध्ये स्थापन करवलेली. महाराज त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले होते. दुसरी पंजाब नॅशनल बँक, लाहोरची, १८९५ पासून कारभार करणारी, लाला लजपतराय यांच्यासारख्यांचा सुरुवातीपासून हात लागलेली. दोन्ही स्वदेशी, दोन्ही अभिमानाच्या.

बँक ऑफ बडोदाच्या एका खातेदाराने २० जून १९३९ ही पुढची तारीख टाकून चेक लिहिला. कलकत्ता शाखेच्या मॅनेजरने त्यावर शेरा मारला. अर्थ असा, की हा चेक २० जूनला देण्यास योग्य म्हणून 'मार्क्ड गुड'. त्या शेऱ्याच्या भरवशावर पंजाब नॅशनल बँकेने चेक घेऊन पैसे मोजले. वीस तारीख उजाडली, आणि चेक काही वटला नाही.

पंजाब नॅशनलने दावा लावला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. तुमच्या मॅनेजरने लिहून दिलंय, आता पैसे टाका. कलकत्ता उच्च न्यायालयात ते जिंकले. बँक ऑफ बडोदा अपिलात लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेली. १९४४ साल, महायुद्ध चालू, आणि तिकडे लॉर्ड राइट एका चेकवरच्या शेऱ्याचा कीस काढतायत!

निकाल उलटा लागला. बँक ऑफ बडोदा जिंकली. कारणं मुख्यतः दोन.

पहिलं कारण असं, की १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टमध्ये हुंडीसारख्या बिलाचा 'स्वीकार' असतो. ज्याच्यावर बिल काढलंय तो सही करून स्वतःला बांधून घेतो. पण चेक मागताक्षणी पैसे मिळण्यासाठीच असतो, त्याला स्वीकाराची गरजच नाही. अमेरिकेत सर्टिफिकेशन म्हणजे स्वीकार असा कायदाच होता, आपल्याकडे नव्हता. त्यामुळे नुसतं 'मार्क्ड गुड' लिहिलं म्हणून बँक स्वीकारकर्ती होत नाही.

दुसरं मला जास्त आवडलं. आजच्या तारखेचा चेक मार्क करताना मॅनेजर खात्यातली रक्कम बाजूला काढू शकतो. पण पुढच्या तारखेच्या चेकवर आज बँकेला खात्याला हात लावायचा अधिकारच नसतो, कारण खातेदाराचा हुकूमच वीस तारखेपासूनचा. म्हणजे लॉक नाही, नुसतंच वचन. अशी वचनं देणं हे मॅनेजरच्या नेहमीच्या कामात बसत नाही, तशी रूढी असल्याचंही सिद्ध झालं नाही. तेव्हा त्याच्या सहीने बँक बांधली गेली नाही.

वाचून मी थोडा अस्वस्थ झालो. बॉस्टनमध्ये खुर्चीवर ठेवलेला विश्वास जिंकला, कलकत्त्यात हरला. मॅनेजरच्या सहीवर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर? पण मग फरक लक्षात आला. बॉस्टनचा कॅशिअर आजच्या गोष्टीबद्दल सांगत होता, की या घडीला पैसे आहेत. ते खोटं असेल, पण ते सांगणं त्याचं काम होतं. कलकत्त्याचा मॅनेजर उद्याबद्दल बोलत होता. आणि समोर कोणी भोळा दुकानदार नव्हता, दुसरी बँकच होती. चेकवरची तारीख तिलाही वाचता येत होती.

लंडनच्या बँका याबाबतीत आधीच शहाण्या झाल्या होत्या. ग्राहकाच्या विनंतीवरून चेक मार्क करणं त्यांनी १९२० मध्येच बंद करायचं ठरवलं. हवा तर ड्राफ्ट घ्या म्हणाले. आपल्याकडचा डीडी त्याच घराण्यातला. आणि १९९३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की पुढच्या तारखेचा चेक त्या तारखेपर्यंत चेक नसतोच, ते नुसतं बिल असतं. काकांना खरं संरक्षण आहे ते १ एप्रिल १९८९ पासून लागू झालेल्या कलम १३८ चं. पण ते चेक लिहिणाऱ्याला पकडतं, म्हणजे मला. बँकेला नाही.

गंमत म्हणजे या दोन्ही बँकांचं १९ जुलै १९६९ ला एकाच दिवशी राष्ट्रीयीकरण झालं. भांडणारे दोघे एकाच मालकाच्या घरात!

सोमवारी ऑफिसात आमच्या मॅनेजरने कॉलवर क्लायंटला सांगितलं, "वीस तारखेला गो-लाइव्ह नक्की." टेस्टिंग अजून सुरूही झालेलं नाही. मी म्यूटवर होतो. कॉल संपल्यावर त्याला म्हटलं, "आज काय तयार आहे तेवढंच लिहून देऊया का? तारखेचं नंतर बघू." त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. कलकत्त्याची गोष्ट सांगायचा मोह आवरला. पण क्लायंटने त्या तारखेवर पुढे कोणाला शब्द दिला असेल तर ते बिचारे कोणाकडे जाणार, हा प्रश्न काही डोक्यातून जात नाही.

काकांना चेक तसेच दिले, बिनशेऱ्याचे. ही सगळी कथा सांगितली. ते म्हणाले, "बरं, राहू दे. तुझा चेहरा प्रामाणिक वाटतो."

मार्क्ड गुड! :)