अमळनेरची सहा वर्षे : वृत्ती, नोकरी आणि राजीनामा

प्रवेशाच्या दिवसांत मराठी विभागाच्या दारात एक प्रश्न दरवर्षी न चुकता येतो : "सर, एम. ए. मराठी करून पुढे काय?" विचारणारा मुलगा बहुधा चोपडा, पारोळा किंवा शिरपूरकडच्या एखाद्या खेड्यातला असतो. घरी थोडी कोरडवाहू जमीन आणि कापूस असतो. कधी वडील सोबत असतात आणि प्रश्न खरे म्हणजे त्यांचाच असतो. आपण उत्तर देतो : सेट-नेट, बी. एड., स्पर्धा परीक्षा, पत्रकारिता, भाषांतर. ही यादी सांगताना आपलाच आवाज थोडा खाली येतो. मग तो सावरण्यासाठी, सवयीने, आपण साने गुरुजींचे नाव घेतो. ते आपल्या खानदेशातले शिक्षक होते, त्यांनी नोकरीकडे नोकरी म्हणून पाहिले नाही, वगैरे. या सवयीविषयी मला थोडे लिहायचे आहे. साने गुरुजींच्या अमळनेरमधील सहा वर्षांचा इतिहास आपण जसा सांगतो त्यापेक्षा बराच वेगळा आहे, आणि त्या मुलाच्या दृष्टीने तो अधिक उपयोगाचा आहे.

आरंभ एका शब्दापासून करू. मराठीत 'वृत्ती' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक मनाचा कल, स्वभाव. दुसरा उपजीविकेचे साधन. जोशीवृत्ती, उपाध्यायवृत्ती यांत हा अर्थ आजही दिसतो. जुन्या व्यवस्थेत हे दोन अर्थ एकमेकांना कधी भेटतच नसत. उपजीविका जन्माने ठरे आणि वतनाच्या कागदात नोंदली जाई. मनाचा कल कुठे आहे हे कोणी विचारत नसे. ज्यांच्या वाट्याला वतन नव्हते, त्यांच्यासाठी राबणे हीच एक वृत्ती होती. 'आपल्याला कोणते काम मानवेल?' हा प्रश्न मराठी माणसाच्या आयुष्यात इंग्रजी शाळा, मॅट्रिकची परीक्षा आणि पगार या तीन गोष्टींबरोबर आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पदवीधरांची पिढी घडू लागली, आणि वृत्तीच्या दोन अर्थांत ओढाताण सुरू झाली. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण लोकांच्या तोंडी राहिली, पण मुलगा मात्र मॅट्रिकला बसला.

या ओढाताणीचा एक आरंभीचा बळी आपल्याच भागात येऊन राहून गेला. केशवसुत (१८६६–१९०५) मूळचे कोकणातल्या मालगुंडचे. विशी ओलांडल्यावर मॅट्रिक झाले आणि मुंबईत लहानसहान नोकऱ्या करत राहिले. मुंबईत प्लेग शिरल्यानंतर त्यांनी शहर सोडले आणि शिक्षक म्हणून खानदेशात आले. आधी भडगावला, मग फैजपूरला. पुढे १९०४ साली ते धारवाडला गेले आणि ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीला प्लेगनेच वारले. हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. ते काम नंतर ह. ना. आपटे यांनी केले. मराठी कविता ज्यांच्यापासून आधुनिक झाली असे आपण वर्गात शिकवतो, त्यांची उपजीविकेची नोंद ही अशी आहे : तालुक्याच्या आणि त्याहून लहान गावांतली शिक्षकी. त्यांच्या बाबतीत नोकरी आणि वृत्ती यांची गाठ पडली नाही. नोकरी त्यांनी सोसली आणि कविता तिच्या आडून लिहिली.

धुळ्यात याच सुमारास आणखी दोन उत्तरे दिसतात. वि. का. राजवाडे यांनी थोडा काळ शिक्षकी करून नोकरीचा नादच सोडला. गावोगाव हिंडून, वाड्यांतली दप्तरे धुंडाळून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड प्रसिद्ध केली आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच देह ठेवला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आणि त्यांचा संग्रह आजही त्या शहरात आहे. दुसरे शंकर श्रीकृष्ण देव. ते वकील होते. समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जमवण्याचे आणि छापण्याचे प्रचंड काम त्यांनी धुळ्यात उभे केले. एकाने पोटाची चिंताच मोडीत काढली. दुसऱ्याने समाजात प्रतिष्ठा असलेला व्यवसाय पत्करून त्याच्या बळावर आवडीचे काम केले. राजवाड्यांचा मार्ग सांगायला थोर आहे, पण तो धरणाऱ्याला कुटुंब पोसायचे नसावे लागते. देवांच्या मार्गाला आधी वकिलीची पदवी लागते. त्या मुलाच्या वडिलांना या दोन्हींचा हिशेब आपल्याआधी कळतो.

आता साने गुरुजींकडे येऊ. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडचा. घराणे खोतीचे, म्हणजे जुन्या अर्थाने 'वृत्ती' असलेले. वडिलांच्या काळात ते वैभव गेले आणि घरावर जप्ती येण्यापर्यंत पाळी आली. जन्माने मिळणारी वृत्ती अशी हातची गेल्यावर शिक्षण आणि त्यातून मिळणारी नोकरी एवढाच मार्ग राहिला. दापोली, औंध, पुणे असे हिंडत, कधी उपाशी राहत हा मुलगा शिकला आणि १९२२ साली बी. ए. झाला.

त्यानंतर तो अमळनेरला आला तो मात्र शिक्षक होण्यासाठी नव्हे. अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले होते. प्रतापशेठ म्हणजे मोतीलाल माणेकचंद, तिथल्या प्रताप मिलचे मालक. खानदेशच्या काळ्या जमिनीतला कापूस गिरणीत गेला, गिरणीचा नफा वेदान्ताच्या अभ्यासाला लागला आणि त्या पैशातून तरुण अभ्यासकांच्या राहण्याजेवणाची सोय झाली. ही साखळी नीट पाहिली पाहिजे. पुण्यामुंबईपासून इतक्या दूर, तापीच्या खोऱ्यातल्या एका तालुक्याच्या गावी तत्त्वज्ञानाची अखिल भारतीय कीर्तीची संस्था उभी राहिली ती या साखळीमुळे. जी. आर. मलकानी यांच्यासारखे वेदान्ताचे अभ्यासक तिथे राहिले आणि पुढे कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखा तत्त्वज्ञ काही काळ तिथे येऊन गेला.

साने तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झाले, पण मंदिरात रमले नाहीत. अद्वैताची चर्चा बुद्धीला पटत होती. हातांना काम मिळत नव्हते. आज आपण ज्याला 'करिअरची चुकलेली निवड' म्हणू, तशी ही निवड होती. १९२४ साली ते गावातल्याच खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलात शिक्षक झाले. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली गेली. तत्त्वज्ञानाचा एम. ए. झालेला माणूस हायस्कुलात शिकवू लागला, याला तेव्हाच्या हिशेबाने बढती कोणी म्हटले नसते.

त्यांना खरे काम सापडले तेही वर्गात नव्हे, छात्रालयात. बाहेरगावची मुले तिथे राहत. त्यांची देखरेख हे शाळेतले जोडकाम. ज्याच्या गळ्यात पडेल त्याने कुरकुरत करावे असे. साने तिथे मुलांच्या खोल्या झाडू लागले, विस्कटलेली अंथरुणे आवरू लागले, आजारी मुलाच्या उशाशी बसू लागले. पगारातून गरजू मुलांची फी जाऊ लागली. रोज हाताने लिहिलेले 'छात्रालय दैनिक' ते मुलांसाठी काढत. त्यातून 'विद्यार्थी' हे मासिक आले. लेखक साने गुरुजी या कोऱ्या कागदांवर घडले. त्यांच्या वाक्यांचा साधेपणा, ऐकणाऱ्याला जवळ घेणारा सूर, आणि समीक्षकांनी ज्याला भाबडेपणा म्हटले तो भावनेचा उमाळा, या सर्वांचा पहिला वाचक म्हणजे घरापासून दूर आलेले बारा-चौदा वर्षांचे पोर होते.

हे लक्षात ठेवून 'श्यामची आई' पुन्हा वाचून पाहावे. हे पुस्तक त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिले. त्यातल्या प्रकरणांना प्रकरणे म्हटलेले नाही. त्या 'रात्री' आहेत. दिवसभराची कामे उरकल्यावर आश्रमातली मंडळी जमतात आणि श्याम सांगू लागतो. आईची आठवण हा पुस्तकाचा विषय असला तरी त्याचा घाट छात्रालयातल्या रात्रींचा आहे. 'धडपडणारी मुले' या कादंबरीत तर छात्रालयच कथेत येते. आपण साहित्यप्रकार शिकवताना लेखकाच्या वाचनाचे संस्कार शोधतो. त्याच्या नोकरीने त्याला कोणता श्रोता दिला हे क्वचितच पाहतो.

मग १९३० साल उजाडले. मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि साने गुरुजींनी शाळेचा राजीनामा दिला. पुढची वर्षे धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक अशा तुरुंगांत गेली. १९३२ साली फेब्रुवारी ते जून या काळात विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. ती टिपून घेण्याचे काम साने गुरुजींनी केले म्हणून ती आज आपल्यापुढे आहेत. तत्त्वज्ञान मंदिरात जे साधले नाही, ते त्याच खानदेशात, तुरुंगाच्या भिंतीआड, लेखनिकाच्या भूमिकेत साधले. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन फैजपूरला भरले, तेव्हा ते त्या कामात होते. एके काळी केशवसुत जिथे मुले शिकवत होते, तेच हे फैजपूर.

आता आपल्या सवयीकडे परत येऊ. साने गुरुजींचे नाव घेताना आपण या गोष्टीचा शेवट आधी सांगतो : त्याग, सेवा, राजीनामा. पण त्या शेवटाच्या मागे काय होते? शिक्षण संपल्यावर चुकीची निवड करायला आणि ती चुकली हे ओळखायला अवधी देणारी, पोट भरण्याची काळजी घेणारी एक संस्था होती. मग नियमित पगार देणारी शाळा होती, आणि त्या शाळेने आपल्या शिक्षकाला नेमलेल्या कामापलीकडे हातपाय पसरू दिले. या दोन आधारांवर सहा वर्षे उभे राहिल्यानंतर राजीनामा आला. जे हातात होते ते सोडले, म्हणून त्याला त्याग म्हणता येते. ज्याच्या हातात काही दिलेलेच नाही, त्याला त्यागाचा उपदेश करणे हा उपदेश करणाऱ्याचा सोयीस्कर आळस आहे.

आज आपल्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे कितीतरी सहकारी आहेत. सेट-नेट झालेले, काही पीएच. डी. झालेले. तासांचे मोजून पैसे, तेही महिनोन्महिने रखडलेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत तेही नाहीत. एखाद्याने दोन महाविद्यालयांत तास घेऊन, मधला प्रवास एस. टी. ने करून महिना कसाबसा जुळवलेला असतो. शिक्षकदिनी त्यांच्याकडूनच साने गुरुजींवर भाषण करून घेतले जाते. त्यांना छात्रालय कधी सापडणार? ते सापडायला संध्याकाळी एका जागी थांबता यावे लागते.

या वास्तवाची मराठीतली सर्वांत सविस्तर नोंद खानदेशच्याच एका लेखकाने केली आहे. यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाडे यांनी अहमदनगर, धुळे, औरंगाबाद अशी प्राध्यापकी केली. 'बिढार' (१९७५), 'जरीला' (१९७७) आणि 'झूल' (१९७९) या कादंबऱ्यांतला चांगदेव पाटील गावामागून गाव आणि महाविद्यालयामागून महाविद्यालय बदलत राहतो. संस्थाचालक, जातींचे गट, भाड्याच्या खोल्या, पुन्हा बांधायचे सामान हे सारे त्यात येते. साने गुरुजींचा शिक्षक आणि चांगदेव यांना आपण दोन टोकांवर ठेवतो. एक आदर्शवादी, दुसरा अस्तित्ववादी. मला ते एकाच प्रश्नाचे दोन कालखंड वाटतात. चांगदेवलाही काम मनापासून करायचे असते. त्याला ठाण मांडायला जागा मिळत नाही.

तर मग दारातल्या त्या मुलाला काय सांगायचे? अलीकडे मी साने गुरुजींची गोष्ट सांगतो, पण ती सुरुवातीपासून सांगतो. पहिली निवड चुकू शकते, चोविसाव्या वर्षीसुद्धा, आणि त्याने आयुष्य वाया जात नाही. मानवणारे काम बहुधा नेमणूकपत्रात लिहिलेले नसते. ते कडेच्या, कोणाला नको असलेल्या कामात भेटते, म्हणून त्याकडे लक्ष ठेव. पण ते भेटेपर्यंत पोटाला आधार हवा, आणि तो मागण्यात कमीपणा नाही. बी. एड. कर, तलाठ्याची परीक्षा दे, घरची शेती सोडू नकोस. मराठी त्यासोबत चालेल.

वडिलांना हे उत्तर पूर्ण पटते असे नाही. "मग प्रवेश घ्यायचा की नाही?" असे ते विचारतात. मी फॉर्म पुढे करतो, आणि फीच्या सवलतीचा अर्ज कोणत्या खिडकीवर मिळतो तेही सांगतो.