पाणमोट सावकाश सोडण्याची गोष्ट

घरातल्याच एका दुःखापासून हा शोध सुरू झाला. माझ्या आधी आईला एक मुलगी झाली होती. साल १९६७, तालुक्याच्या गावातला दवाखाना. आठव्या महिन्यातच पोट नऊ भरल्यासारखे दिसू लागले होते. जुळे असणार असे सगळ्यांनी धरले होते. कळा रेंगाळल्या म्हणून पाणमोट फोडली गेली. पाणी एकदम लोटले, त्याच्याबरोबर नाळ खाली आली आणि मुलगी हाती लागली नाही. ‘पाण्याने नेली,’ असे आजी म्हणायची. शेजारणींनी कारणही सांगून टाकले होते: पोटुशी असताना ही पाणी फार प्यायली.

मी डॉक्टर नाही. शिक्षण वाणिज्य शाखेचे, नोकरी कारकुनाची. पण दोष खरोखर पाण्याचा होता का, हे पाहण्यासाठी गेली काही वर्षे प्रसूतिशास्त्राचे जुने-नवे ग्रंथ वाचतो आहे. त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो.

पहिली गोष्ट शेजारणींबद्दल. गरोदरपणाच्या उत्तरार्धात गर्भाभोवतीचे पाणी मुख्यतः बाळाच्या लघवीचे असते. बाळ ते गिळते, पुन्हा सोडते. चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास ते साधारण ८०० मिलिलिटर भरते. दोन लिटरच्या वर गेले की जुनी पुस्तके त्याला अतिजल म्हणत. बाळाच्या अन्ननलिकेत अडथळा असेल किंवा मेंदूची वाढच झाली नसेल, तर त्याला गिळता येत नाही आणि पाणी साठते. आईला मधुमेह असेल तर बाळाला लघवी जास्त होते. एकाच वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांतही एकाभोवती पाणी साचते. पुष्कळदा कारण सापडतच नाही. आईने तांब्याभर पाणी जास्त पिणे हे कारण मात्र या यादीत कुठेच नाही.

धोका असतो तो या पाण्याच्या बाहेर पडण्यात. भरपूर पाण्यात बाळाचे डोके तरंगत राहते, कटीत बसत नाही. मूल आडवे होते किंवा पायाळू येते. अशा वेळी पाणमोट फुटली की लोंढ्याबरोबर नाळ डोक्याच्या आधी खाली उतरते आणि दोहोंमध्ये चेपली जाते. पिशवी एकाएकी आक्रसल्यामुळे वार वेळेआधी सुटू शकते. बाळ झाल्यावर ताणून थकलेली पिशवी आवळत नाही आणि रक्त थांबत नाही. तिथे आईचाही जीव धोक्यात येतो.

पाणमोट मुद्दाम फोडण्याला युरोपात वैद्यकीय मान्यता मिळाली ती वेगळ्याच कारणाने. १७५६ मध्ये लंडनच्या नामवंत प्रसूतितज्ज्ञांनी एकत्र बसून एका प्रश्नाचा विचार केला: अरुंद कटीच्या स्त्रीची प्रसूती दिवस भरण्याआधीच करवणे नीतीला धरून आहे का? उत्तर होकारार्थी आले. ही हकिगत थॉमस डेन्मन यांनी नोंदवली, आणि पाणमोट फोडून कळा आणण्याची रीत त्यांच्या ग्रंथामुळे रूढ झाली. पाणी कधी सोडायचे, हा प्रश्न अशा रीतीने सुटला. ते किती वेगाने सोडायचे, हा प्रश्न मागे राहिला.

१८८० च्या सुमारास काही जर्मन डॉक्टरांनी पोटावरून सुई घालून जादा पाणी काढून पाहिले. १९३१ मध्ये ब्रिस्टलच्या ड्रू स्मिथ यांनी इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळणदार धातूची नळी पुढे आणली. ती बाळाच्या डोक्याच्या बाजूने वर सरकवून पाणमोट मागून, उंचावर टोचायची. डोक्यापुढची पिशवी शाबूत राही, पाणी नळीतून झिरपत येई आणि नाळेला लोंढा मिळत नसे. कल्पना नेमकी होती. पण नळी न पाहता आत जाई, वारेला किंवा पिशवीला इजा होई. म्हणून ती पुढे मागे पडली. चेसर मॉयर आणि डडली यांनी १९३५ मध्ये अरगटमधून अर्गोमेट्रिन वेगळे केले आणि थकलेली पिशवी आवळणारे खात्रीचे औषध मिळाले. निदानाचा मार्ग १९५८ मध्ये ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांच्या ध्वनिलहरींच्या यंत्राने उघडला. तोवर पोटावर एका बाजूने टिचकी मारून दुसऱ्या बाजूच्या तळव्याला लाट जाणवते का, हीच परीक्षा होती. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पोटाचे चार भाग करून प्रत्येकातल्या पाण्याची खोली मोजून बेरीज करण्याची पद्धत दिली. ती २४-२५ सेंटिमीटरच्या वर गेली की अतिजल.

आपल्याकडे हे ज्ञान बाळंतिणीच्या खोलीपर्यंत उशिरा पोचले. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचे मूल जन्मानंतर दहा दिवसांत गेले, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. पुढे १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला. पुरुष डॉक्टरला बायका तब्येत दाखवत नाहीत, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात, हे त्यांनी जाण्यापूर्वीच सांगितले होते. दाराच्या एका बाजूला ग्रंथ आणि दुसऱ्या बाजूला सुईण, अशी ती स्थिती होती.

आज रुग्णालयात काय करतात, ते एका प्रसूतितज्ज्ञ बाईंकडून समजून घेतले. आधी मूल आडवे नाही ना आणि नाळ पुढे नाही ना, हे पाहतात. शस्त्रक्रियागृह तयार ठेवतात. मग दोन कळांच्या मधल्या वेळात बारीक सुईने पाणमोट टोचतात आणि बोटे तिथेच ठेवून पाणी हळूहळू येऊ देतात. त्या वेळी दुसरी व्यक्ती पोटावर दोन्ही हात ठेवून मूल उभे धरते आणि डोके खाली बसू देते. बाळाचे ठोके सतत ऐकतात. नाळ आलीच, तर बोटांनी डोके वर उचलून धरतात, बाईला गुडघे-छातीवर टेकवतात आणि लगेच सिझेरियन करतात. बाळ झाल्यावर पिशवी आवळणारे औषध तयार असतेच. पोटात पाणी जास्त आहे हे ठाऊक असलेल्या बाईचे पाणी घरी गेले, तर तिने कळांची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे, हेही त्यांनी बजावून सांगितले.

१९६७ मध्ये यातले यंत्र त्या गावात नव्हते. पण बारीक छिद्र, कळ ओसरेपर्यंत धीर आणि पोटावर धरलेले दोन हात, याला यंत्र लागत नव्हते. तेवढ्याने बहीण वाचलीच असती असे म्हणता येत नाही. वाचण्याची संधी तिला मिळाली असती, एवढे नक्की.

हे सगळे मी आईला सांगितले. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. ‘पाणी तू प्यायलीस म्हणून झाले नाही ते,’ म्हटल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘तुझ्या वेळेला चैत्र-वैशाखात मी मोजून दोन तांबे पाणी प्यायचे. उगाचच तहानलेली राहिले म्हणायची.’