निवळीचे बी : निर्मळ जल आणि शुद्ध जल

निवळीच्या बीला (संस्कृत ‘कतक’) प्राचीन जंतुनाशक ठरविणारे लेखन आढळते. मूळ ग्रंथांचा दावा मात्र मर्यादित आहे. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळविणाऱ्या सात साधनांत कतकाचे नाव प्रथम येते. हे बी मडक्याच्या आतील खरबरीत अंगावर उगाळीत. त्यातील चिकट द्रव्यांमुळे मातीचे सूक्ष्म कण एकत्र येऊन तळाशी बसतात. केवळ नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, हा मनुस्मृतीतील दृष्टांत पाहता ही रीत सर्वपरिचित असावी. दूषित पाण्यासाठी मात्र सुश्रुतसंहिता निवळविण्याबरोबरच उकळणे, उन्हात तापविणे व तप्त लोखंड त्यात विझविणे हे उपाय स्वतंत्रपणे सांगते. गाळाबरोबर काही जंतू खाली बसतात, सर्व नव्हे. पटकीचा जंतू कॉख यांना कलकत्त्याच्या तळ्यात आढळला तो १८८४ मध्ये.