पाया, जोते आणि जमीन : संगणकीय खेळांतील समतल तळाचा इतिहास

(१)

घर बांधणाऱ्यापुढे भिंतीचा प्रश्न नंतर येतो. प्रथम येतो तो तळाचा. निसर्गाने दिलेली जमीन क्वचितच सपाट असते. भिंती, तुळया आणि छप्पर यांची सारी गणिते मात्र तळ सपाट आहे असे गृहीत धरूनच चालतात. हा विरोध मानवी वास्तुविद्येइतकाच जुना आहे. गेल्या वीस-बावीस वर्षांत तोच विरोध एका अगदी नव्या क्षेत्रात पुन्हा अवतरला, ही गोष्ट अभ्यासकांच्या फारशी ध्यानात आलेली नाही. हे क्षेत्र म्हणजे 'सर्व्हायव्हल' या नावाने ओळखले जाणारे संगणकीय खेळ होत. या खेळांत खेळणाऱ्यास एखाद्या निर्जन प्रदेशात रिकाम्या हातांनी सोडून देण्यात येते. लाकूड, दगड इत्यादी साहित्य मिळवून त्याने स्वतःसाठी निवारा उभारावा आणि थंडी, श्वापदे अथवा शत्रू यांपासून जीव वाचवावा, अशी त्यांची सर्वसाधारण योजना असते.

या निवाऱ्याचा जो पहिला तुकडा खेळणारा जमिनीवर मांडतो, त्यास बहुतेक खेळांत 'फाउंडेशन' असे नाव आहे. त्याचे मराठी 'पाया' असे करण्याकडे साहजिकच कल होतो. परंतु मराठी गवंड्याच्या भाषेत पाया, जोते आणि जमीन या तीन वस्तू भिन्न आहेत. पाया जमिनीखाली असतो व भार पेलतो. जोते जमिनीवर उचललेले असते व घराची पातळी ठरविते. त्या जोत्यावर चोपून, सारवून जो तळ तयार होतो, त्याला 'जमीन' म्हणतात. घराच्या तळासाठी आणि धरणीसाठी एकच शब्द वापरणारी ही भाषा त्या दोहोंमधील जोत्याला मात्र स्वतंत्र नाव देते, हे लक्षणीय आहे. या तीन शब्दांचा भेद ध्यानात ठेवला, तर सदर खेळांचा इतिहासही अधिक स्पष्टपणे उलगडतो. समतल तळ कोणाच्या ठायी असतो, धरणीच्या, विश्वरचनेच्या की बांधकामाच्या तुकड्याच्या, या प्रश्नाला निरनिराळ्या खेळांनी निरनिराळी उत्तरे दिलेली आहेत.

(२)

या इतिहासाचा आरंभ स्वीडनमध्ये शोधणे सोयीचे ठरते. रॉल्फ यान्सन आणि मार्कुस पेर्सन यांनी २००३ च्या सुमारास 'वुर्म ऑनलाइन' या खेळाची रचना हाती घेतली व २००६ मध्ये तो अधिकृतपणे प्रसिद्ध झाला. यातील भूमी चौकोनांत विभागलेली असून प्रत्येक चौकोनाच्या चारही कोपऱ्यांना स्वतःची उंची असते. घर उभारावयाचे, तर त्याखालील चौकोन प्रथम सपाट करावे लागत. फावड्याने उंचवट्याची माती काढावी, ती वाहून खोलगट भागात टाकावी आणि चारही कोपरे एका उंचीस येईपर्यंत हे काम चालू ठेवावे, असा तो क्रम होता. येथे समतल हा धरणीचाच गुण होय आणि तो श्रमाने मिळवावा लागतो. मराठीतील 'जमीन' या शब्दाचे दोन्ही अर्थ या खेळात एकमेकांत मिसळून जातात.

याच पेर्सन यांनी पुढे 'माइनक्राफ्ट' हा खेळ निर्माण केला, आणि त्यात नेमके उलट उत्तर दिले. झॅकरी बार्थ यांच्या २००९ मधील 'इन्फिनिमायनर' या खेळातील ठोकळ्यांच्या रचनेचा त्यांच्यावर प्रभाव पडला होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात 'माइनक्राफ्ट'चे पहिले रूप लोकांसमोर आले व नोव्हेंबर २०११ मध्ये खेळ पूर्णत्वाने प्रसिद्ध झाला. यातील डोंगर, दऱ्या, घर, भिंत हे सर्व एक मीटर लांबी-रुंदी-उंचीच्या ठोकळ्यांचे असते. ठोकळ्याशेजारी ठोकळा ठेवला की तो आपोआप त्याच पातळीत बसतो. तिरपेपणा, अर्धा इंच वर, पाव इंच खाली हे प्रकार तेथे संभवतच नाहीत. शिवाय वाळू, खडी यांसारखे काही पदार्थ सोडले, तर ठोकळे अधांतरीही स्थिर राहतात. तेव्हा येथे पायाची आवश्यकता नाही, जोत्याचीही नाही. समतल हा विश्वरचनेनेच आधी देऊन ठेवलेला आहे. खेळणाऱ्याने ठरवावयाचे ते इतकेच, की टेकडी किती खणावयाची आणि खळगा किती भरावयाचा. कोट्यवधी लोकांनी घर बांधण्याचे पहिले धडे या विश्वात गिरविले. परंतु तळ समतल करणे ही कधी काळी एक अडचण होती, याचे स्मरण मात्र त्यांना या विश्वात होणे शक्य नव्हते.

(३)

ती अडचण परत आली ती डिसेंबर २०१३ मध्ये. गॅरी न्यूमन यांच्या फेसपंच या इंग्लंडमधील संस्थेचा 'रस्ट' हा खेळ त्या वेळी अपूर्णावस्थेत विक्रीस आला. त्याची पूर्ण आवृत्ती २०१८ मध्ये निघाली. यातील भूमी ठोकळ्यांची नसून खऱ्याप्रमाणे वळणावळणाने चढणारी-उतरणारी आहे, आणि ती खणता येत नाही. म्हणजे 'वुर्म'मधील श्रमाचा मार्ग बंद आणि 'माइनक्राफ्ट'मधील विश्वाने दिलेला समतलही नाही. उरला तो एकच उपाय, म्हणजे तळाचा तुकडाच समतल करावयाचा. तीन मीटर बाजूचा हा चौकोन असमान भूमीवर मांडला असता त्याच्या कडा खाली मातीत शिरतात व वरचा पृष्ठभाग सपाट राहतो. हा तुकडा रचनेच्या दृष्टीने मराठीतील जोतेच होय.

या जोत्याचा एक नियम मोठ्या महत्त्वाचा आहे. पहिला तुकडा खेळणाऱ्याच्या इच्छेनुसार कोठेही, कोणत्याही दिशेने व मर्यादेत कोणत्याही उंचीवर मांडता येतो. दुसरा तुकडा मात्र पहिल्याच्या कडेस सांधला जातो आणि त्याचीच पातळी घेतो. मोजणी करणारा एखादे स्थिर चिन्ह ठरवून सर्व उंची त्यावरून मोजतो, तसाच हा प्रकार आहे. एका टोकाकडून दोघांनी व दुसऱ्या टोकाकडून आणखी दोघांनी वेगवेगळे तुकडे मांडून कामास आरंभ केला, तर मध्यभागी येऊन भेटणाऱ्या त्या दोन तळांची ना पातळी जुळते ना दिशा. अशा वेळी एक बाजू पाडण्यावाचून गत्यंतर नसते. उताराच्या खालच्या अंगास पहिला तुकडा बुटका मांडला, तर चढाकडे सरकताना जमीनच तळाच्या वर डोके काढते व पुढील तुकडा बसत नाही. उलट सर्वांत उंच स्थानी आरंभ केल्यास उताराकडील कडा जमिनीस धरून राहतात, पण तेथेही मर्यादा असतेच. कोपरा फार उंच राहिला, की खेळ तो तुकडा नाकारतो. म्हणून अनुभवी खेळाडू प्रथम साऱ्या जागेवर फेरी मारतो, सर्वांत उंच बिंदू शोधतो आणि मगच पहिला तुकडा खाली ठेवतो. या खेळात शत्रू घर फोडावयास येत असल्यामुळे वाया गेलेल्या तासाचे मूल्य साऱ्या संचिताएवढे होऊ शकते.

स्टुडिओ वाइल्डकार्ड या अमेरिकन संस्थेच्या 'आर्क' या खेळाने (प्रथम विक्री जून २०१५, पूर्ण आवृत्ती २०१७) यात आणखी एका उपायाची भर घातली. भूमी फारच असमान असेल, तर जोत्याचा नाद सोडून खांब उभारावेत आणि छताचे तुकडे त्या खांबांवर टाकून त्यांनाच तळ मानावे. छत हे कोणाचे तरी जमीन होऊ शकते, ही गोष्ट माडीच्या घरात राहणाऱ्यास नवी नाही. खेळात मात्र ती खेळाडूंनी प्रयोगाने शोधून काढली.

(४)

फेब्रुवारी २०२१ मध्ये हा इतिहास पुन्हा स्वीडनला परतला. श्योव्दे येथील आयर्न गेट या छोट्या संस्थेच्या 'व्हालहाइम' या खेळाच्या सुमारे महिनाभरातच पन्नास लाख प्रती खपल्या. यात आधीची उत्तरे एकत्र आलेली दिसतात. खेळणाऱ्यास खोऱ्यासारखे एक अवजार मिळते. ते चालविले असता भोवतालची जमीन त्याच्या स्वतःच्या पावलांच्या पातळीस येते. दगड खर्च करून भरावही घालता येतो. म्हणजे येथे पातळीचे स्थिर चिन्ह हे मनुष्याचे उभे राहणेच होय. याखेरीज लाकडी तळाचे तुकडे खांबांवर उचलूनही मांडता येतात. मात्र प्रत्येक तुकड्यास आधार कितपत आहे हे रंगाने दाखविले जाते : जमिनीस टेकलेला तुकडा निळा, पुढे हिरवा, पिवळा आणि अखेर लाल. जमिनीपासून जसजसे दूर जावे तसतसा आधार घटतो व शेवटी तुकडा कोसळतो. 'माइनक्राफ्ट'ने अनावश्यक ठरविलेला पाया येथे पुन्हा आपले मूळ कार्य करू लागतो.

(५)

भराव, जोते आणि खांब हे तिन्ही उपाय खेळांनी निर्माण केलेले नाहीत. इराणमधील पर्सेपोलिस येथील राजवाड्यांचा प्रचंड चौथरा काही ठिकाणी खडक कापून आणि काही ठिकाणी भराव घालून सिद्ध केलेला आहे. आल्प्स पर्वताभोवतीच्या सरोवरांकाठी इ. स. पूर्व ५००० पासून ५०० पर्यंतच्या काळातील खांबांवरील वस्त्यांचे अवशेष सापडले असून त्यांपैकी १११ स्थळे २०११ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. इजिप्तमधील खुफूच्या पिरॅमिडची एक बाजू सुमारे २३० मीटर असूनही त्याच्या तळाच्या पातळीतील फरक सुमारे दोन सेंटिमीटर इतकाच आहे. आणि त्याच्या पोटातील नैसर्गिक खडकाचा उंचवटा मात्र बांधणाऱ्यांनी तसाच राहू दिला. जेथे आवश्यक, तेथेच समतल करावे, हा त्यांचा विवेक 'आर्क'मधील खांब उभारणाऱ्या खेळाडूच्या विवेकाहून निराळा नाही.

एक भेद मात्र मूलगामी आहे. इ. स. पूर्व पहिल्या शतकातील रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने वीस फूट लांबीच्या एका समतलदर्शक यंत्राचे वर्णन केले आहे. त्यास ओळंबे लावलेले असत आणि वाऱ्याने ते हलू लागले, तर वरच्या पन्हळीत पाणी भरून पातळी पाहावी, अशी सोय होती. मराठीतील 'पाणसळ' या शब्दातही पाण्याचा हा साक्षीदारपणा टिकून राहिला आहे. खेळांत पाणसळ नाही. तिचे कार्य दोन तुकड्यांचा सांधा करतो. गवंडी प्रत्येक थराला पातळी पुनः पुनः तपासतो, म्हणून त्याची चूक वाटेत सुधारू शकते. खेळाडूची पातळी पहिल्या तुकड्यातच कायमची ठरून जाते, म्हणून त्याची चूक अखेरपर्यंत तशीच पुढे चालते.

यावरून परिभाषेचा प्रश्न निकालात काढता येण्यासारखा आहे. 'रस्ट'मधील 'फाउंडेशन' नष्ट झाल्यास त्यावरील भागांचा आधार जातो, या अर्थी त्यात पायाचा अंश आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु खेळणारा जो निर्णय घेतो तो भाराविषयी नसून पातळीविषयी असतो. त्यास 'पाया' म्हटले, तर २००९ मध्ये या खेळांतून काय नाहीसे झाले आणि २०१३ मध्ये काय परत आले, हेच सांगता येईनासे होते. त्यास 'जोते' म्हटले की तो इतिहास एका शब्दात सामावतो. हा शब्द नव्याने घडवावयाची गरज नाही. तो मराठी घराच्या उंबरठ्याखाली पूर्वीपासूनच आहे.