समांतर संगणनाचे अध्यापन

समांतर संगणनाचे अध्यापन म्हणजे एखादे कार्य लहान भागांत विभागून ते अनेक प्रोसेसरांकडून एकाच वेळी करून घेण्याच्या तंत्राचे पदवी स्तरावरील शिक्षण होय. एकामागून एक सूचना लिहिण्याची सवय जडलेल्या विद्यार्थ्याला येथे विचाराची पद्धतच बदलावी लागते.

पार्श्वभूमी

हा विषय पूर्वी मुख्यतः महासंगणकांशी निगडित होता. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) १९९१ मध्ये सादर केलेला 'परम ८०००' हा समांतर रचनेचाच महासंगणक होता. पुढे उष्णता व वीजवापर यांमुळे एकट्या प्रोसेसरचा वेग वाढवणे अवघड झाले आणि २००५ च्या सुमारास घरगुती संगणकांतही दोन गाभ्यांचे प्रोसेसर आले. एसीएम व आयईईई कॉम्प्युटर सोसायटी यांच्या २०१३ च्या आदर्श अभ्यासक्रमात समांतर व वितरित संगणनाला स्वतंत्र ज्ञानक्षेत्राचे स्थान मिळाले.

प्रमुख संकल्पना

* ॲमडालचा नियम (१९६७): कार्याचा १० टक्के भाग क्रमानेच करावा लागत असेल, तर आठ प्रोसेसर लावूनही वेग सुमारे ४.७ पटच वाढतो. प्रोसेसर कितीही वाढवले तरी तो दहापटीपलीकडे जात नाही.
* रेस कंडिशन: दोन थ्रेड एकच संख्या एकाच वेळी वाचून त्यात प्रत्येकी एक मिळवतात, तेव्हा एक वाढ हरवू शकते.
* डेडलॉक: प्रत्येक प्रक्रिया दुसरीकडील साधनाची वाट पाहत थांबते. या संदर्भात शिकवला जाणारा 'जेवणाऱ्या तत्त्वज्ञांचा प्रश्न' एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये मूळ रूपात विद्यार्थ्यांच्या परीक्षेसाठीच तयार केला होता.

अध्यापनपद्धती

आरंभी संगणकाविना कृती घेता येतात. उदाहरणार्थ, अंकांची पत्रे घेतलेले विद्यार्थी रांगेत उभे राहतात आणि आळीपाळीने डाव्या व उजव्या शेजाऱ्याशी तुलना करून गरजेनुसार जागा बदलतात. सर्व जोड्या एकाच वेळी काम करत असल्याने जितके विद्यार्थी, तितक्या फेऱ्यांत रांग क्रमाने लागते. त्यानंतर ओपनएमपी किंवा एमपीआय वापरून आज्ञावल्या लिहिल्या जातात व थ्रेडांची संख्या बदलून लागणारा वेळ मोजला जातो.

अडचणी

समांतर आज्ञावलीतील दोष प्रत्येक वेळी प्रकट होत नाही. शंभरदा अचूक उत्तर मिळाले, तरी आज्ञावली निर्दोष असल्याचे सिद्ध होत नाही. त्यामुळे केवळ उत्तर पाहून गुण देणे अपुरे ठरते. सामायिक माहितीचे रक्षण कसे केले, याचे स्पष्टीकरणही तपासावे लागते. हा विषय अंतिम वर्षातील ऐच्छिक विषय असल्यास तोवर क्रमवार विचार दृढ झालेला असतो. म्हणूनच आयईईई-टीसीपीपी अभ्यासक्रम उपक्रमाने या संकल्पना आरंभीच्या अनिवार्य विषयांतच समाविष्ट करण्यावर भर दिला आहे.